एक ओरखडा आणि रक्ताच्या भयाचा इतिहास

१९९५ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. कोठीतील एका गल्लीत दाढी करून घेत असता वस्तऱ्याचे टोक माझ्या कानामागे निसटते लागले. रक्ताचा एक थेंब आला. मामांनी त्यावर तुरटी फिरवली, "काही नाही साहेब, जरा हात हलला," असे म्हणाले, आणि मी नेहमीप्रमाणे पायी कचेरीत गेलो. तो ओरखडा दोन दिवसांत बुजला. त्याने मनात घातलेली भीती मात्र तीन महिने टिकली, आणि त्या भीतीपायी माझ्या हातून जे घडले त्याची टोचणी तीस वर्षांनंतरही गेलेली नाही.

सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हा मनात असा प्रश्न आला की, किरकोळ जखमेतून दुसऱ्याचा रोग आपल्या रक्तात शिरेल ही धास्ती माणसाला केव्हापासून आहे? ती एड्सच्या काळात जन्मली, असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला. या भयाला दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि कोठीत राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी घरांनी त्यातील बरेच टप्पे प्रत्यक्ष अनुभवले आहेत. तो इतिहास येथे थोडक्यात मांडतो, आणि शेवटी पुन्हा त्या ओरखड्याकडे येतो.

कोठी हे नावच मुळी रेसिडेन्सीच्या कोठीवरून पडलेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने ती भव्य वास्तू उभारली. १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय नांदले आणि २०२२ पासून महिला विद्यापीठ आहे. वास्तूच्या आसपासचे रेसिडेन्सी बाजार १९३३ साली निजामाच्या अमलाखाली परत आले आणि त्यांना सुलतान बाजार हे नाव मिळाले. बडी चावडी, हनुमान टेकडी, इसामिया बाजार, जांबाग, रामकोठी या भागांत मराठी कुटुंबे स्थिरावली. विवेक वर्धिनीसारखी संस्था येथेच उभी राहिली. हे सारे वाचकांना ठाऊक आहे. परंतु कोठीची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे वैद्यकाची. १८४६ साली हैदराबादेत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय कोठीत आहे. मुसीच्या काठावरील उस्मानिया रुग्णालय हाकेच्या अंतरावर. १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात, व नंतर हैदराबाद राज्यात, होते. त्यामुळे तिकडचा असाध्य रोगी शेवटी रेल्वेने येथेच येई, आणि त्याचे नातेवाईक कोठीतील एखाद्या आप्ताच्या ओसरीवर आठ-आठ दिवस मुक्काम करीत. रोग, औषध, सुई आणि रक्त यांच्या गप्पा या वस्तीला नव्या नव्हत्या.

रक्ताच्या भयाचा पहिला मोठा प्रसंग आला तो देवीच्या लशीबरोबर. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला जेन्नरची लस टोचली गेली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. बगदाद आणि बसऱ्यामार्गे आलेली ती लस त्या मुलीच्या दंडावर उठली आणि तिच्या दंडावरील फोडातून पुढच्या मुलांना देण्यात आली. बर्फ नाही, बाटल्या टिकत नाहीत, अशा काळात लस जिवंत ठेवण्याचा तोच एक मार्ग होता. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या अशा रीतीने ती साखळी चाले. मराठीत आपण आजही 'देवी काढल्या' असे म्हणतो, आणि खेड्यापाड्यांत लस टोचणाऱ्याला 'देवी डॉक्टर' म्हणत.

या पद्धतीला लोकांनी विरोध केला, तो केवळ अज्ञानापोटी केला असे आपल्याला शाळेत शिकवले गेले. पण त्या विरोधाचे स्वरूप नीट पाहिले तर त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या दिसतात. एक होती जातीची. कोणत्या जातीच्या मुलाच्या अंगातील पाणी आपल्या मुलाच्या अंगात जाणार, हा प्रश्न आईबापांना छळत असे. तिच्यात समर्थन करण्याजोगे काही नाही. दुसरी गोष्ट मात्र वेगळी होती. ज्या मुलाच्या दंडावरून लस घेतली त्याला दुसरा एखादा रोग असेल तर तोही येईल, ही ती शंका. ती खरी ठरली. १८६१ साली इटलीतील रिव्हाल्टा या गावी एका मुलापासून चाललेल्या साखळीतून अनेक बालकांना उपदंशाची बाधा झाली, आणि युरोपभर खळबळ उडाली. पुढे वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत रूढ झाली, आणि इंग्लंडने १८९८ मध्ये दंडावरून दंडावर टोचणे कायद्याने बंद केले. म्हणजे ज्या अडाणी आईने मूल पदराआड लपवले तिच्या भीतीत सत्याचा एक अंश होता. आणि तरीही देवीच्या रोगाने जितकी माणसे मेली तितकी त्या लशीने कधीच मेली नाहीत. भय खरे असू शकते आणि तरीही प्रमाणाबाहेर असू शकते, हा धडा येथेच मिळतो. १९७५ साली देवीचा रोग आपल्या देशातून गेला. माझ्या पिढीच्या दंडावरील तो गोल व्रण ही त्याची शेवटची निशाणी.

लहानशा जखमेतून मृत्यू शिरू शकतो याचा शास्त्रीय पुरावा मिळाला तो १८४७ मध्ये, व्हिएन्ना येथे. याकोब कोलेट्श्का हे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक शवविच्छेदन शिकवीत असता एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली. काही दिवसांतच ते वारले. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदनाचा अहवाल वाचला, आणि प्रसूतीनंतर ज्वराने मरणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जी चिन्हे दिसत तीच येथेही दिसली. डॉक्टरांच्या हातांवरून शवातील काही द्रव्य बाळंतिणींच्या शरीरात जाते हे त्यांनी ताडले, आणि क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. तरीही वरिष्ठांना ते रुचले नाही. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारले, आणि त्यांचा मृत्यूही जखम चिघळूनच झाला. भीती कोणाची बाळगावी आणि कशाने ती टळते, हे एकाच वेळी सांगणारा हा माणूस. त्याचा उपाय केवढा साधा होता, तर हात धुणे.

आपल्या शहराचा या इतिहासाशी संबंध येतो तो रोनाल्ड रॉस यांच्यामुळे. सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. ज्याचे रक्त त्या डासांनी घेतले होते तो हुसेन खान नावाचा रुग्ण. प्रत्येक डासामागे त्याला एक आणा दिला गेला, असे रॉस यांनीच नमूद केले आहे. बेगमपेठेतील ती इमारत आजही उभी आहे. पण त्याच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. १८९८ साली रॉस कलकत्त्याला गेले तेव्हा तेथे प्लेगच्या लशीविषयी इतकी घबराट पसरली होती की, तपासणीसाठी बोटाला सुई टोचून घ्यायला रोगी तयार होईनात. सुई म्हणजे प्लेगची लस, आणि लस म्हणजे मरण, असे समीकरण लोकांनी मनात बांधले होते. रॉस अखेर पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले, आणि त्यातूनच डासाच्या दंशाने रोग पसरतो हे सिद्ध झाले. त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्लेगची ती लस वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला. पुढे चौकशीतील कागदपत्रांवरून असे दिसले की, बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. हाफकिन यांच्या बाजूने लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ज्यांनी जाहीरपणे लिहिले त्यांत रोनाल्ड रॉस अग्रभागी होते. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले, पण तोवर त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली होती. दोष जमिनीवर पडलेल्या चिमट्याचा होता आणि शिक्षा भोगली माणसाने. भीतीच्या इतिहासात हे वारंवार घडलेले दिसते.

धनुर्वाताचे भय मात्र आपल्या घराघरांत उतरले ते कायमचे. लोखंड लागले की आजी हळद भरी, कोणी चुना लावी, कोणी दिव्याचे तेल. नंतरच्या काळात 'धनुर्वाताची सुई घेतली का?' हा प्रश्न आला. गंजामुळे धनुर्वात होतो अशी आपली समजूत असते. वास्तविक त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत वाढतात. गंजलेला खिळा वाईट ठरतो तो मातीत पडलेला असतो म्हणून. हा रोग एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जात नाही. तरी लहान जखमेची धास्ती बाळगण्याची सवय आपल्याला त्यानेच लावली.

रक्तातून रक्तात जाणारा रोग आपल्या डोळ्यांसमोर होता, पण त्याचे नाव ठाऊक नव्हते. आपण त्याला सरसकट कावीळ म्हणत होतो. माझ्या लहानपणी दवाखान्यात काचेची पिचकारी असे. कंपाउंडर ती स्टोव्हवरील डब्यात उकळून चिमट्याने उचली. गर्दीच्या दिवशी पाणी पुरते उकळले की नाही हे कोण पाहणार? पिचकारी एक, सुया चार, आणि बाकावर बसलेली माणसे चाळीस. या मार्गाने कितीजणांच्या यकृतात रोग शिरला असेल याची मोजदाद कोणी केली नाही. १९६० च्या दशकात बरूख ब्लंबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अपरिचित द्रव्य आढळले. ते 'बी' प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे आवरण निघाले. ब्लंबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यातूनच लस तयार झाली. ती परदेशातून येई तेव्हा एका मात्रेला शेकडो रुपये पडत, सामान्य कारकुनाला ती परवडत नसे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच हैदराबादेतील शांता बायोटेक्निक्स या कंपनीने, वरप्रसाद रेड्डी यांच्या पुढाकाराने, भारतीय बनावटीची लस बाजारात आणली आणि किंमत आवाक्यात आली. २०११ पर्यंत ती देशभर बालकांच्या नेहमीच्या लसीकरणात समाविष्ट झाली. हैदराबादकर या नात्याने आपण चारमिनारचा जितका अभिमान बाळगतो तितकाच याचाही बाळगायला हरकत नाही.

एड्सच्या कथेत तर एक मराठी नाव अगदी पहिल्या पानावर आहे. १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सोलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी हा विषय सुचवला. निर्मला यांनी जमवलेले रक्ताचे नमुने वेल्लोरला तपासले गेले आणि सहा स्त्रियांच्या रक्तात बाधा आढळली. भारतात एचआयव्ही आहे याचा हा पहिला पुरावा. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत व्यवसायासाठी स्थिरावलेल्या मराठी घराण्यात त्यांचा जन्म झाला. आपल्यासारखेच हेही घर, मुलूख सोडून दुसऱ्या भाषेच्या शहरात रुजलेले. १९९३ मध्ये त्यांनी आपल्या वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केले. ज्या काळी रोग्याला हात लावायला डॉक्टर कचरत, त्या काळी त्या रोग्यांजवळ बसून बोलत. २०१५ साली त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

मात्र १९९० च्या दशकात कोठीत आम्हाला सुनीतीबाईंचे नाव ठाऊक नव्हते. भिंतींवरच्या पाट्या तेवढ्या ठाऊक होत्या. पुढे राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेचे कार्यालयही सुलतान बाजारातील वैद्यकीय व आरोग्य संचालनालयाच्या आवारात आले. बाधा अधिक असलेल्या राज्यांत आंध्र प्रदेशाचे नाव वरचे होते. त्यामुळे अफवांना ऊत आला. चित्रपटगृहाच्या खुर्चीत कोणी सुई खोचून ठेवते, फळांत रक्त टोचतात, डास चावला तरी होतो, एक ना दोन. देशात बावन्न लाख बाधित आहेत असा अंदाज छापून आला. २००७ मध्ये अधिक व्यापक पाहणीच्या आधारे हाच आकडा पंचवीस लाखांवर, म्हणजे निम्म्याहून खाली आला. रोग लहान नव्हता, पण आपण कल्पिला होता त्याहून लहान होता.

आता माझ्या ओरखड्याकडे येतो. मामा मूळचे नांदेडकडचे. लहानपणीच वडिलांबरोबर हैदराबादेत आले. दोन खुर्च्यांचे दुकान, भिंतीवर विठोबाची तसबीर, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजण्याचा तो ठराविक आवाज. गल्लीतील तीन पिढ्यांचे केस त्यांनी कापले होते. माझे वडील त्यांचे गिऱ्हाईक होते, मीही. त्यांचा धाकटा भाऊ त्या वर्षी वाळत चालला होता. खोकत असे. त्या दिवशी मी दुकानात शिरलो तेव्हा मामा त्याचीच दाढी करीत होते. ती आटोपली, वस्तरा पाण्यात बुडवून फडक्याला पुसला गेला, आणि मी खुर्चीत बसलो.

आठ दिवसांनी कोणीतरी म्हणाले, "मामांच्या भावाला 'तो' रोग आहे म्हणतात." माझे हातपाय गार पडले. रात्री आरशात कानामागे पाहण्याचा प्रयत्न करू लागलो, जणू तेथे काही लिहिलेले सापडणार होते. मुलांचा ताट-पेला वेगळा केला. पत्नीला कारण सांगता येईना. तेव्हाच्या तपासणीत बाधा दिसायला तीन महिने लागत, म्हणून दिवस मोजू लागलो. साधी सर्दी झाली तरी वाटे, आता सुरुवात झाली. दसरा गेला. मग सिकंदराबादेतील एका खासगी प्रयोगशाळेत, ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून, दुसऱ्याच नावाने रक्त दिले. दोन दिवसांनी पाकीट मिळाले. बाधा नव्हती. जिन्यावरच बसून रडलो.

पण त्या तीन महिन्यांत मी आणखी एक गोष्ट केली होती. दुकानात जाणे बंद केले, आणि कचेरीतील दोघांना, शेजारच्या एकाला, केवळ त्यांच्या भल्यासाठी म्हणून, कानात सांगितले की तिकडे जाऊ नका. त्या तिघांनी आणखी कितीजणांना सांगितले असेल कोण जाणे. दिवाळीच्या पाडव्याला मामा दरवर्षी पोस्त मागायला येत. त्या वर्षी आले नाहीत. मी गल्लीत गेलो तर दुकानाची पाटी उतरलेली होती. दोन वर्षांनी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून कळले की, भावाला क्षय होता, औषधे पूर्ण घेऊन तो बराही झाला. तोपर्यंत दोघे भाऊ दुकान मोडून गावाकडे परतले होते.

क्षयच निघाला म्हणून मी चुकलो, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. तो एड्स असता तरी मी चुकलोच असतो. वस्तरा तोच वापरला गेला ही माझी शंका रास्त होती. तिच्यावरचा उपाय "मामा, माझ्यासाठी नवे पाते लावा" एवढे वाक्य हा होता. मी ते वाक्य मामांना म्हणालो नाही. भलते वाक्य भलत्यांना म्हणालो. पुढे चारसहा वर्षांत शहरातील जवळजवळ प्रत्येक दुकानात वस्तऱ्यात अर्धे पाते बसवण्याची आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर ते नवे काढण्याची रीत पडली. त्या रीतीने जेवढे लोक सुरक्षित झाले तेवढे माझ्या कुजबुजीने एकही झाला नाही.

आज जे निश्चित ठाऊक आहे ते त्या दिवसांत मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. एचआयव्ही असलेल्या रक्ताने भरलेली पोकळ सुई रुग्णालयातील कर्मचाऱ्याला टोचली, तरीही अशा हजार प्रसंगांत सुमारे तीनांनाच बाधा होते. 'सी' काविळीचे प्रमाण शंभरात दोन किंवा त्याहूनही कमी. 'बी' काविळीचे मात्र, लस घेतलेली नसेल तर, शंभरात सहापासून तीसपर्यंत. म्हणजे ज्याला आपण सर्वांत जास्त भ्यालो तो सर्वांत कमी संसर्गक्षम, आणि ज्याला हसण्यावारी नेले तो 'बी' काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरणारा. त्याच्यावर लस आहे. 'सी' काविळीवर गेल्या दशकापासून बरे करणारी औषधे आहेत. एचआयव्हीची शंका रास्त असेल तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधे आहेत. जितक्या लवकर सुरू करावी तितके चांगले. आताच्या तपासण्यांत बाधा बहुधा सहा आठवड्यांत कळते.

म्हणून घरातील तरुणांना मी एवढेच सांगत असतो की, काही टोचले अथवा कापले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, ती पिळू नये, चोखू नये. नंतर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, धनुर्वाताची आणि 'बी' काविळीची लस झाली आहे का ते सांगावे, आणि पुढचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. आणि भ्यायचेच असेल तर योग्य गोष्टीला भ्यावे. २००९ साली गुजरातेतील मोडासा भागात काविळीने डझनावारी माणसे दगावली, ती वापरलेल्या सुया-पिचकाऱ्या पुन्हा वापरल्यामुळे. समोर पाकीट फोडून नवी सुई काढली का, हे विचारायला संकोच वाटता कामा नये. त्यात कोणाचा अपमान नाही.

राहिला माणसाचा प्रश्न. एचआयव्ही बाधितांना नोकरी, शिक्षण, घर, उपचार यांत भेदभावाने वागवण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे, आणि तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. कायदा कचेरीत आणि रुग्णालयात चालतो. गल्लीत काय चालते ते गल्लीतल्या माणसांवर अवलंबून असते.

कोठीत गेलो की मी अजून त्या गल्लीवरून जातो. दुकानाच्या जागी आता बांगड्यांचे दुकान आहे. विठोबाच्या तसबिरीचा खिळा मात्र कोणी उपटलेला नाही. आमच्या जुन्या कुटुंबांपैकी कोणाला नांदेडकडचे ते मामा आठवत असतील, आणि ते किंवा त्यांचे भाऊ कुठे आहेत हे ठाऊक असेल, तर मला जरूर कळवावे. दिवाळीच्या पोस्तीची तीस वर्षांची बाकी माझ्याकडे राहिली आहे.